'जे आले' का चुकतं? फ्रेंचचे संयुक्त काळ आणि आपला 'ने'

माझ्याकडे फ्रेंच शिकायला येणाऱ्या बारावीतल्या एका मुलीने गेल्या आठवड्यात निबंधात चार ओळी लिहिल्या. मनातलं मराठी असं होतं: 'मी काल आजीकडे गेले होते. तिने केलेल्या गोड पोळ्या मी खाल्ल्या. मग आम्ही खाली उतरलो आणि खुर्च्या खाली उतरवल्या. पाऊस पडला नसता तर आम्ही अंगणात बसलो असतो.' आणि वहीत उतरलं ते असं:

'येर, जाव्हे आले शे मा ग्राँमेर. जे माँजे ले गालेत केल आव्हे फे. प्युई नू झावों देसाँद्यु ए नू झावों देसाँद्यु ले शेझ. सील नोरे पा प्ल्यु, नू नू झोरियों आसी दाँ ला कूर.'

चार ओळींत सात चुका. मुलगी हुशार आहे, क्रियापदांचे तक्ते तिला तोंडपाठ आहेत. तरी याच सात चुका मी अकरावीच्या मुलांच्या, नोकरीसाठी माँत्रेयालला निघालेल्या इंजिनियरांच्या आणि निवृत्तीनंतर हौसेने शिकणाऱ्या काकांच्याही वहीत पाहते. एकच चूक इतक्या वेगवेगळ्या माणसांकडून होत असेल तर दोष पाठांतरात नसतो. तो कुठे आहे आणि कसा काढायचा, ते या चार ओळींच्याच आधाराने सांगते.

आधी वाचण्यापुरता एक खुलासा. फ्रेंच शब्द मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितेय. 'ज' हा 'जीवन'मधला, 'झ' हा 'झाड'मधला. एकटं 'ज', 'क', 'ल' हलक्या अकारासारखं म्हणायचं. 'ज' म्हणजे मी आणि 'जे' म्हणजे मी + आव्वार (हे सहायक क्रियापद, पुढे येतंच), हा फरक डोळ्यांत ठेवा. आणि 'आले' हे 'जाणे'चं रूप आहे. म्हणजे फ्रेंच 'आले' म्हणजे मराठी 'गेले'. सुरुवातीला गोंधळायला होतं, पण सवय होते.

दुखणं मधल्या दुभाष्याचं आहे

फ्रेंचमध्ये संयुक्त काळ दोन तुकड्यांनी बनतो: पुढे सहायक क्रियापद, मागे पार्टिसिपल, म्हणजे क्रियापदाचं 'गेलेला', 'लिहिलेला'सारखं रूप. सहायक दोनच. 'एत्र' म्हणजे असणे आणि 'आव्वार' म्हणजे जवळ असणे. बहुतेक क्रियापदं आव्वार घेतात, थोडी एत्र घेतात. 'मी गेले' हे 'ज स्युई आले' होतं, कारण 'जाणे' एत्र घेतं. मुलं मात्र 'जे आले' लिहितात.

का लिहितात? मराठीत 'जवळ असणे' असं स्वतंत्र क्रियापदच नाही. आपण 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो. मराठी माणूस 'मी गेलो आहे' म्हणताना 'असणे' वापरतो, म्हणजे चक्क एत्र वापरतो! मग तो आव्वार आला कुठून? इंग्रजीतून. आपण शाळेत आय हॅव गॉन पाठ केलेलं असतं, फ्रेंचची पुस्तकंही बहुधा इंग्रजीतून समजावतात, आणि 'हॅव' दिसला की हात आव्वारकडे जातो. 'जे आले' ही मराठी माणसाची चूक नाही, मध्ये बसलेल्या दुभाष्याची आहे. त्याला उठवलं आणि मराठीतून थेट फ्रेंचकडे गेलं, की यातल्या बहुतेक चुका होतच नाहीत. मी हे फार ठामपणे सांगते, कारण मराठी व्याकरणात या प्रश्नाचं उत्तर आधीपासून तयार आहे.

'ने'ची चाचणी

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा:

ती गेली.
तिने चिठ्ठी लिहिली.

पहिल्यात क्रियापद 'ती'च्या मागे चाललंय. तो असता तर 'गेला' झालं असतं. दुसऱ्यात क्रियापद चिठ्ठीच्या मागे आहे, लिहिणारा कुणीही असो. कर्त्याला 'ने' लागला आणि क्रियापदाने त्याची साथ सोडली. हे आपण तिसऱ्या वर्षापासून न चुकता करतो.

आता फ्रेंच: 'एल ए पार्ती' म्हणजे ती निघाली. सहायक एत्र, आणि पार्टिसिपल कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. 'एल आ एक्री युन लेत्र' म्हणजे तिने चिठ्ठी लिहिली. सहायक आव्वार, आणि पार्टिसिपल कर्त्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे जिथे मराठीत 'ने' येतो तिथे फ्रेंचमध्ये आव्वार येतं. तिने पाहिलं, तिने घेतलं, तिने उघडलं, तिने विकलं, तिने ऐकलं: सगळी आव्वारवाली.

आणि 'ने' नसलेली बघा. आली, गेली, पोचली, निघाली, आत शिरली, बाहेर पडली, वर चढली, खाली उतरली, पडली, राहिली, परतली, जन्मली, मेली, झाली. फ्रेंचची एत्र घेणारी क्रियापदं हीच आहेत. इंग्रजी पुस्तकांत ती लक्षात ठेवायला 'डॉक्टर अँड मिसेस व्हॅन्डरट्रॅम्प' नावाचं एक काल्पनिक जोडपं सांगतात, ज्यांच्या नावातल्या सोळा अक्षरांवरून सोळा क्रियापदं आठवायची. फ्रेंच शाळांतली पद्धत मला जास्त आवडते: घराचं चित्र काढतात, त्यात दार, जिना, खिडकी, आणि येणारी, जाणारी, चढणारी, पडणारी माणसं. पण मराठी माणसाला त्या चित्राआधी स्वतःचा कान आहे.

एक काळजी घ्यायची. चाचणी नेहमी 'तो' किंवा 'ती' घेऊन करा. 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना हा 'ने' लागतो तरी दिसत नाही: 'मी आंबा खाल्ला' यात तो लपलेला आहे. 'तिने आंबा खाल्ला' म्हटलं की बाहेर येतो. अनेकवचनात तोच 'नी' होतो: त्यांनी खाल्ला. आणि घरी 'मी काम केलो' असं बोलण्याची पद्धत असेल, राज्याच्या काही भागांत ती आहे, तर चाचणीपुरतं पुस्तकी वाक्य घ्या.

या चाचणीचा खरा फायदा त्या सहा क्रियापदांत दिसतो जी दोन्ही सहायकं घेतात आणि ज्यांच्यापुढे सोळा नावांची यादी हात टेकते. माझ्या विद्यार्थिनीच्या तिसऱ्या ओळीत तेच होतं. 'देसाँद्र' हे उतरणे आणि उतरवणे, दोन्हींसाठी एकच क्रियापद. फ्रेंच माणूस फरक सहायकातून दाखवतो, आपण तो क्रियापदातच दाखवतो:

त्या उतरल्या: 'एल सों देसाँद्यु'. 'ने' नाही, म्हणून एत्र.
त्यांनी खुर्च्या उतरवल्या: 'एल झों देसाँद्यु ले शेझ'. 'नी' आला, म्हणून आव्वार.

इतरही याच चालीची. 'मोंते': ती चढली, तिने बॅगा वर चढवल्या. 'सोर्तीर': ती बाहेर पडली, तिने पिशवीतून चावी काढली. 'राँत्रे': ती घरी परतली, तिने वाळत घातलेले कपडे आत घेतले. 'रतुर्ने': ती परत गेली, तिने धिरडं उलटलं. 'पासे': ती माझ्याकडे डोकावून गेली, तिने सुट्टी मजेत घालवली. प्रत्येक जोडीत मराठीने आधीच दोन वेगळे शब्द ठेवलेत आणि दुसऱ्यात 'ने' आलाय. इथे काहीही पाठ करावं लागत नाही.

चाचणी कुठे फसते

फसते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 'ने' आला तर आव्वार, हे जवळजवळ पक्कं आहे. 'ने' नसला तर एत्र, हे मात्र पक्कं नाही.

पहिला गट: ती धावली, चालली, पोहली, नाचली, झोपली, हसली, रडली. मराठीत 'ने' नाही, फ्रेंचमध्ये मात्र आव्वार: 'एल आ कूर्यु' (धावली), 'एल आ दोर्मी' (झोपली), 'एल आ री' (हसली). यांत कुणी कुठे पोचत नाही, उंबरठा ओलांडत नाही. नुसती हालचाल किंवा अवस्था आहे. एत्रची क्रियापदं बहुतांशी उंबरठ्याची आहेत: आत, बाहेर, वर, खाली, जगात येणं, जगातून जाणं. 'राहिली' हे त्यांतलं वेगळं, ते तेवढं लक्षात ठेवायचं. 'पाऊस पडला' हेही सांभाळा. आपल्याकडे पाऊस पडतो, फ्रेंचमध्ये पावसाचं क्रियापद वेगळं आहे आणि ते आव्वार घेतं: 'ईल आ प्ल्यु'.

दुसरा गट आपल्याच घरातला. काही क्रियापदांना कर्म असूनही मराठी 'ने' लावत नाही: ती फ्रेंच शिकली, तो चहा प्यायला, ती नाव विसरली, तो खोटं बोलला, ती जिना उतरली. कर्म दिसलं की आव्वार समजा. शेवटचं तर मुद्दाम बघा: 'ती उतरली' एत्र, पण 'ती जिना उतरली' हे 'एल आ देसाँद्यु लेस्काल्ये', म्हणजे आव्वार. जिना हे फ्रेंचच्या लेखी सरळ कर्म आहे.

तिसरा गट 'स'वाला. क्रियापदाआधी 'स' असेल (स्वतःला, एकमेकांना), तर एत्र, विचारच करायचा नाही. मराठीत मग 'ने' येवो (तिने अंघोळ केली) किंवा न येवो (ती उठली, ती बसली). 'आम्ही'बरोबर या 'स'च्या जागी दुसरा 'नू' येतो, म्हणून वहीतल्या चौथ्या ओळीत 'नू नू झोरियों' लिहिलेलं इथे चुकतं. 'नू नू' दिसलं की पुढे 'सरियों'च हवं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी 'स' आहे का बघा. मग 'ने' किंवा कर्म आहे का बघा. दोन्ही नसेल तरच उंबरठा शोधा. जर्मन शिकणाऱ्यांनाही हा कान उपयोगी पडतो, कारण तिथेही असेच दोन सहायक आहेत, पण त्यांची वाटणी थोडी वेगळी असल्याने इथली यादी तिकडे नेऊ नका.

'फे' की 'फेत'

दुसऱ्या ओळीतली चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे फ्रेंच आणि मराठी एकमेकींना ओळखतात.

नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो: आव्वार असताना पार्टिसिपल बदलत नाही, पण सरळ कर्म आधी आलं तर कर्माप्रमाणे बदलतं. ऐकताना हा नियम कुणीतरी छळायला केल्यासारखा वाटतो. मराठी माणसाला मात्र तो ओळखीचा वाटायला हवा. 'तिने लाडू केला, तिने पोळी केली, तिने पोळ्या केल्या.' कर्म बदललं, क्रियापद बदललं. फ्रेंच अगदी हेच करतं, फक्त कर्म आधी येऊन गेलं असेल तरच:

'एल आ फे ले गालेत': तिने पोळ्या केल्या. कर्म नंतर, 'फे' तसंच.
'ले गालेत केल आ फेत': तिने केलेल्या पोळ्या. कर्म आधी, 'फे'चं 'फेत' झालं.

'केलेल्या'तला 'ल्या' आणि 'फेत'मधला 'त' एकच काम करतायत.

असं का झालं असेल? मुळाशी गेलं की दिसतं. लॅटिनमध्ये 'एपिस्तुलाम स्क्रिप्ताम हाबेओ' म्हणत, म्हणजे 'माझ्याकडे चिठ्ठी लिहिलेली आहे'. 'स्क्रिप्ताम' हे चिठ्ठीचं विशेषण होतं, म्हणून ते चिठ्ठीसारखं स्त्रीलिंगी. पुढे त्या 'माझ्याकडे आहे'चं आव्वार हे सहायक झालं आणि 'मी चिठ्ठी लिहिली' हा अर्थ आला. आपल्याकडे संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्' होतं, 'माझ्याकडून पत्र लिहिलं गेलेलं'. त्यातलं 'लिखितम्' पत्राच्या मागे चालायचं, आणि त्याच वळणावर आपली 'मी पत्र लिहिलं', 'मी चिठ्ठी लिहिली' ही रूपं उभी आहेत. दोन्ही भाषांनी विशेषणापासून भूतकाळ घडवला. आपण कर्माची साथ पूर्ण ठेवली, फ्रेंचने अर्धी सोडली.

ती अर्धी कुठे सोडायची हे सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या दरबारी कवीने इटालियनचा दाखला देत पद्यात सांगितलं: आधी आलेलं नाम पार्टिसिपलवर सत्ता गाजवतं. तो नियम आजही चालतो. २०१८मध्ये बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातून आव्वारबरोबर पार्टिसिपल कायम न बदलता ठेवावं असा प्रस्ताव पुढे आला होता आणि त्यावर फ्रान्समध्येही बराच वाद झाला. पण परीक्षेत तुम्हाला मारोचाच नियम पाळायचाय.

सरावाला एक गोष्ट करा. बहुतेक पार्टिसिपलांत हा बदल नुसता लिहिण्यात असतो, शेवटी मूक ई किंवा मूक एस लागतो, कानाला काही कळत नाही. म्हणून मुलं तो विसरतात. ज्या थोड्या क्रियापदांत तो ऐकू येतो त्यांच्यापासून सुरुवात करा: 'एक्री, एक्रीत' (लिहिलेला, लिहिलेली), 'प्री, प्रीझ' (घेतलेला, घेतलेली), 'मी, मीझ' (ठेवलेला, ठेवलेली), 'ऊव्हेर, ऊव्हेर्त' (उघडलेला, उघडलेली), 'फे, फेत'. 'ला लेत्र क जे एक्रीत', 'ला फोतो क त्यु आ प्रीझ', 'ला पोर्त कील आ ऊव्हेर्त' असं दहा-वीस वेळा मोठ्याने म्हटलं की कानाला सवय लागते, आणि मग न ऐकू येणाऱ्या 'माँजे'लाही हात आपोआप ई जोडतो. माझ्या अनुभवात हा सराव तक्त्यापेक्षा जास्त टिकतो.

'-ला'मुळे होणारा घोळ

मराठीची सोबत इथे मात्र सुटते, तेव्हा सावध. 'मी पोळी खाल्ली' यात पोळी क्रियापदाला ओढते. पण माणसाला '-ला' लागला की मराठी क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बसतं: 'मी तिला स्टेशनवर सोडलं.' सोडली नाही, सोडलं. फ्रेंच असं करत नाही: 'ज ले कोंद्युईत आ ला गार'. ती बाई आहे, ती आधी आलीय, 'कोंद्युई'चं 'कोंद्युईत' व्हायलाच हवं. मराठीचा 'सोडलं' कानात घेऊन लिहिलं तर 'त' सुटतो.

दुसरं असं की '-ला' दोन कामं करतो. 'तिला पाहिलं' आणि 'तिला सांगितलं' वरून सारखीच दिसतात. फ्रेंचमध्ये पहिलं सरळ कर्म आहे, 'ज ले व्ह्यु', मूक ई लागतो. दुसरं 'आ'वालं, म्हणजे 'तिच्याप्रत', तिथे 'ल्युई' येतं आणि पार्टिसिपल हलत नाही: 'ज ल्युई ए दी'. फरक ओळखायला बऱ्याचदा कर्मणी करून बघता येतं: 'ती पाहिली गेली' चालतं, 'ती सांगितली गेली' म्हटलं तर ती कुठली तरी गोष्ट होते, बाई राहत नाही. ही युक्ती सगळीकडे चालत नाही. 'तिला मदत केली' यात मराठी 'मदत' हे कर्म आहे, पण फ्रेंच 'एदे'ला बाईच सरळ कर्म. उलट 'तेलेफोने' (फोन करणे), 'रेपोंद्र' (उत्तर देणे), 'पार्ले' (बोलणे) ही 'आ' घेतात. अशी आठ-दहा क्रियापदं आहेत, ती पहिल्याच दिवशी 'आ'सकट किंवा 'आ'शिवाय पाठ करून टाका.

'स'वाल्या क्रियापदांतही हाच प्रश्न विचारायचा. 'एल से आसीझ', ती बसली: 'स' म्हणजे स्वतःलाच बसवलं, सरळ कर्म, म्हणून 'आसी'चं 'आसीझ'. 'एल स सों पार्ले', त्या एकमेकींशी बोलल्या: इथे 'शी' आहे, सरळ कर्म नाही, म्हणून काही लागत नाही. 'तिने हात धुतले' यात हात हे कर्म नंतर येतं, म्हणून तिथेही पार्टिसिपल तसंच.

प्रत्येक 'होते' म्हणजे प्ल्यु-क-पार्फे नव्हे

वहीतल्या पहिल्या ओळीकडे येते. 'मी काल आजीकडे गेले होते' म्हणून तिने 'जाव्हे आले' लिहिलं. सहायक चुकला ते वर आलंच. पण 'जेते आले' लिहिलं असतं तरी काळ चुकलाच असता, आणि ही चूक निखळ मराठीतून आलेली आहे.

आपण 'मी गेल्या वर्षी कोकणात गेलो होतो', 'काल तुझा भाऊ भेटला होता' असं सर्रास म्हणतो. त्या 'होतो'मध्ये दुसऱ्या कुठल्या घटनेच्या आधी असा अर्थ नसतो. गोष्ट होऊन गेली, आता मी परत आलोय, एवढंच. फ्रेंचचा प्ल्यु-क-पार्फे मात्र नेहमी दुसऱ्या भूतकाळाच्या आधीचा भूतकाळ आहे. 'जेते आले' म्हटलं की ऐकणारा वाट बघतो: मग पुढे काय झालं? आणि तुम्ही थांबलेले असता.

उपाय सोपा आहे. 'होते' काढून वाक्य म्हणा. 'मी काल आजीकडे गेले.' अर्थ टिकला? मग पासे कोंपोझे, म्हणजे फ्रेंचचा रोजचा भूतकाळ: 'ज स्युई आले'. आता दुसऱ्या ओळीतला अर्थ सुटा करून बघा: 'मी गेले तेव्हा तिने पोळ्या केल्या होत्या.' इथे 'होत्या' काढलं तर मी गेल्यावर तिने करायला घेतल्या असा अर्थ होतो. बदलला म्हणून इथे प्ल्यु-क-पार्फे हवाच: 'एल आव्हे फे'. हा काळ तिने बरोबर लिहिला होता.

आहे, होती, असेल, असती

इतका वेळ चुकांबद्दल बोलले. ही जुळणी मात्र प्रत्येक वर्गात मी फळ्यावर लिहिते, कारण ती बघून मुलांचे चेहरे उजळतात:

ती गेली आहे: 'एल ए आले'.
ती गेली होती: 'एल एते आले'.
ती गेली असेल: 'एल सरा आले'.
ती गेली असती: 'एल सरे आले'.

'गेली' जागेवर, 'असणे'चा काळ बदलत गेला. 'आले' जागेवर, एत्रचा काळ बदलत गेला. आव्वारवाल्यांना हेच 'आ, आव्हे, ओरा, ओरे' लावून करायचं. चार संयुक्त काळ म्हणजे चार नवे तक्ते नाहीत. ज्याला एत्र आणि आव्वारची साधी रूपं येतात त्याला ते आलेच.

'असेल'ची साथ तर फार लांबपर्यंत आहे. 'एवढ्यात तो पोचला असेल' यात अंदाज आहे, आणि फ्रेंच फ्युत्युर आँतेरिय्यर, म्हणजे वरचं 'सरा आले', हेही अंदाजासाठी वापरतात: 'ईल ओरा उब्लिये', विसरला असेल तो. इंग्रजीतून शिकवताना हे समजवायला अर्धा तास जातो, मराठीत एका वाक्यात होतं. फक्त एका जागी जपा. 'तू पोचलास की फोन कर' यात आपण भविष्यासाठी भूतकाळाचं रूप वापरतो. फ्रेंचला तिथे भविष्यच लागतं: 'काँ त्यु सरा आरिव्हे, आपेल-म्वा', शब्दशः 'पोचलेला असशील तेव्हा'.

'असती'मध्ये मात्र खड्डा आहे, आणि त्यात सगळे पडतात. 'पाऊस पडला नसता तर आम्ही बसलो असतो.' मराठीत जर आणि तर, दोन्ही बाजूंना 'असता'. म्हणून तिने दोन्ही बाजूंना 'ओरे'चं रूप लावलं. फ्रेंचमध्ये 'सी' म्हणजे 'जर' असलेल्या बाजूला कोंदिस्योनेल (वरचं 'सरे', 'ओरे') कधीच येत नाही, तिथे प्ल्यु-क-पार्फे: 'सील नाव्हे पा प्ल्यु'. कोंदिस्योनेल फक्त 'तर'च्या बाजूला. ही चूक फ्रेंच मुलंही करतात, म्हणून त्यांच्या शाळेत 'ले सी नेम पा ले रे' असं घोकून घेतात: 'सी'ला 'रे' आवडत नाही. 'रे' म्हणजे कोंदिस्योनेलचा शेवट, 'ओरे', 'सरे'मधला. लिहून झालं की वाक्यातला 'सी' शोधायचा आणि त्याच्या तुकड्यात 'रे' ऐकू येतोय का बघायचं. मराठी कानाला पटवायचं असेल तर त्या तुकड्यात 'नसता'च्या जागी मनात 'नव्हता' ठेवा: पाऊस पडला नव्हता, तर. मराठी म्हणून ते कानाला खटकतं, पण लिहिताना हात बरोबर चालतो.

नकाराचं थोडक्यात: 'न' आणि 'पा' सहायकाच्या दोन बाजूंना बसतात, पार्टिसिपल त्यांच्या बाहेर राहतं. 'ज ने पा माँजे'. 'रियें' म्हणजे काहीच नाही, हे 'पा'च्याच जागी येतं: 'ज ने रियें व्ह्यु'. 'पेर्सोन' म्हणजे कुणीच नाही, हे मात्र पार्टिसिपलच्याही मागे: 'ज ने व्ह्यु पेर्सोन'. याला मराठीतून आधार मिळत नाही, तोंडाला सवयच लावायची.

वहीतल्या ओळी

त्या मुलीला मी लाल शाईने एकही शब्द दुरुस्त करून दिला नाही. मराठी वाक्यं मोठ्याने म्हणायला लावली, प्रत्येक क्रियापदापाशी थांबवलं. 'गेले होते'तलं 'होते' तिनेच काढलं. 'उतरल्या' आणि 'त्यांनी उतरवल्या' म्हणताना 'नी'पाशी ती थबकली आणि न सांगता पहिला 'झावों' खोडला. 'केलेल्या पोळ्या' दोनदा म्हटल्यावर 'त' जोडला. 'आसीझ'ला वेळ लागला, कारण 'आम्ही बसलो'मध्ये बाया आहेत हे मराठीत दिसत नाही. आजी आणि ती, दोघी बायाच, हे लक्षात आलं तेव्हा तेही झालं. शेवटी वहीत हे उरलं:

'येर, ज स्युई आले शे मा ग्राँमेर. जे माँजे ले गालेत केल आव्हे फेत. प्युई नू सोम देसाँद्यु ए नू झावों देसाँद्यु ले शेझ. सील नाव्हे पा प्ल्यु, नू नू सरियों आसीझ दाँ ला कूर.'

लिहिताना 'आले'ला एक मूक ई, 'फेत' आणि 'आसीझ'ला एकेक मूक एस, पहिल्या 'देसाँद्यु'ला मूक ई आणि एस दोन्ही. दुसऱ्या 'देसाँद्यु'ला काही नाही, कारण तिथे खुर्च्या नंतर आल्या.